तिसरी खूण

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला खोलीचे दोष सांगितले. जिन्याची सहावी पायरी पुढे कललेली आहे. वर पत्रा असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते पाच आत बसवत नाही. न्हाणीघरात पावसाळ्याच्या तोंडाला विंचू निघतो, बहुधा एकच. खाली राहणारा मालक, म्हणजे ते स्वतः, पहाटे मोठ्याने खोकतो.

"आणि उंबरा उंच आहे," ते शेवटी म्हणाले. "आता बघायची तर बघा."

मी दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी एका दैनिकात उपसंपादक म्हणून सोलापुरात आलो होतो. मला कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याजोगी खोली हवी होती. मी ती घेतली आणि सहा वर्षे तिथे राहिलो. त्यांनी सांगितलेले पाचही दोष खरे निघाले. विंचू मात्र दोन निघाले. दुसरा निघाला त्या दिवशी ते वर आले आणि त्यांनी माझी माफी मागितली.

ते सरकारी मोजणीदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. पत्नी वारलेली. एकुलता मुलगा भिलाईला नोकरीत. उंची बेताची, मान उन्हाने कायमची रापलेली, चालताना पावले मोजल्यासारखी सारख्या अंतरावर पडत.

मोजणीच्या कामात एक रीत असते. जमीन मोजण्याआधी तिच्या लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस द्यायची: अमुक दिवशी मोजणी आहे, हजर राहावे. नोटीस मिळाल्याची सही हातात आल्याशिवाय मोजणीची साखळी जमिनीवर टाकायची नाही. तीस वर्षे हे केल्यावर ती रीत त्यांच्या अंगात मुरली होती. सायकलवरून वळताना ते कोपऱ्याच्या दहा हात अलीकडून "वळतोय" असे ओरडत, रस्ता रिकामा असला तरी. चहाचा कप पुढे करताना "साखर कमी आहे" किंवा "दूध कालचं आहे" असे सांगत. शेंगाचटणीचा डबा उघडण्याआधी तिखटाची पातळी जाहीर करत.

गावातल्या गावात कुणाकडे जायचे असले तरी आधी पोस्टकार्ड टाकत. "मंगळवारी चार वाजता येत आहे." कार्ड बहुतेक वेळा बुधवारी पोचे. मंगळवारी चारला ते स्वतः दारात उभे असत. यजमानाच्या चेहऱ्यावरून कार्ड मिळाले नाही हे त्यांना कळे, आणि मग ते पाणीही न घेता परत फिरत. अशाने बरीच घरे सुटली. मी राहायला आलो तेव्हा त्यांच्याकडे येणारी माणसे दोनच उरली होती, आणि तीही फक्त रविवारी दुपारी.

एक नरसय्या. पूर्व भागात एका सामाईक शेडमध्ये त्याचे दोन यंत्रमाग होते. घरात तेलुगू, बाहेर तुटक पण नेमके मराठी, आणि दोन्हींत कमी बोलणे. दुसरे बशीरभाई. कोपऱ्यावर त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते, आणि नरसय्या जेवढे बोलत नसे तेवढे ते बोलत. तिसरा मी झालो. आम्ही जमत होतो ते एका खेळासाठी.

खेळ मालकांचा स्वतःचा होता. त्याला ते "गढी" म्हणत. मोजणीच्या जाड कागदाच्या कोऱ्या बाजूला त्यांनी एका पडक्या गढीचा नकाशा प्रमाणात काढला होता. बुरूज, तळघरे, बारव, भुयार. नकाशा त्यांच्या मांडीशी, पुढे ड्रॉइंग बोर्ड उभा केलेला, त्यामुळे आम्हाला काही दिसत नसे. ते सांगत, "पुढं दगडी दार आहे, अर्धं उघडं. आतून गार वारा येतोय. काय करता?" आपण काय करतो ते आम्ही सांगायचे. ढकलतो, वाकून बघतो, आत खडा टाकतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे पाच कवड्या टाकायच्या. तीन उताण्या पडल्या तर जमले. प्रत्येकाचा गढीत एक माणूस होता. माझा कारकून, बशीरभाईंचा चोर, आणि नरसय्याचा मल्लू नावाचा दोरवाला. मल्लू सगळ्यांच्या पुढे चाले. तीन वर्षांत आम्ही निम्मी गढीही पाहिली नव्हती.

असा खेळ मी आधी कुठे पाहिला नव्हता. त्यांना कुठून सुचला असे मी एकदा विचारले. "मुक्कामावर," ते म्हणाले. "परक्या गावात चावडीवर एकट्यानं बसायचं. करणार काय?"

खेळाला नियम एकच होता आणि तो त्यांनी स्वतःवर घातलेला होता. खड्डा असेल तर त्याच्यावरचे गवत आधी वेगळे दिसले पाहिजे. साप असेल त्या खोलीत उंदीर नसले पाहिजेत, आणि ते नाहीत हे आम्हाला सांगितले गेले पाहिजे. साधा धोका असेल तर एक खूण. जिवावरचा असेल तर तीन. तीन खुणा सांगून झाल्या की त्यांची जबाबदारी संपली. पुढे जो जाईल तो आपल्या पायाने जाईल.

"माणूस मरावा," ते म्हणत, "पण फसून मरू नये."

बशीरभाईंना हे सगळे फार मवाळ वाटे. "साहेबांच्या गढीतला सापबी आधी पोस्टकार्ड टाकतो," ते म्हणत. एका रविवारी ते हट्टाला पेटले: आज मी सांगणार. मालकांनी बोर्ड त्यांच्याकडे सरकवला. बशीरभाईंनी आम्हाला एका खोलीत नेले. खोलीत एक संदूक होती. मालकांनी तिच्याभोवती फेरी मारली, कान लावला, कुलूप तपासले, आणि मग झाकण उचलले.

"खलास!" बशीरभाई मांडीवर थाप मारून म्हणाले. "वरून छत. सबके सब खलास."

"छत पडणार हे कशावरून कळलं असतं?"

"कशावरूनच नाही साहेब. यहीच तो मजा हाय की!"

"मजा कुणाला आली?"

"मला आली."

"एकट्यालाच," मालक म्हणाले. "एकट्याला मजा यायला चौघं कशाला जमवायची?"

ते चिडलेले नव्हते. बेरीज तपासावी तसे विचारत होते. बशीरभाईंनी बोर्ड परत दिला आणि पुन्हा कधी मागितला नाही.

मल्लू मेला त्या रविवारची नोंद माझ्याकडे आहे. कामाची सवय म्हणून मी खेळात वही घेऊन बसत असे आणि जे बोलले जाईल ते उतरवून घेत असे. आम्ही बारवेच्या तोंडाशी होतो. मालक म्हणाले, कडेच्या कपारींत एकही बेडूक नाही. नरसय्याने डाव्या हाताचे एक बोट मुडपले. पुढे म्हणाले, खडा टाकला तर पाण्याचा आवाज उशिरा येतो. दुसरे बोट मुडपले गेले. मग बशीरभाईंनी मध्येच आपल्या चोराला बिडी ओढायला बसवले, त्यावर हसणे झाले, चटणीचा डबा फिरला. नरसय्या तिसरे बोट तयार ठेवून मालकांकडे बघत होता. ते काही बोलले नाहीत.

"मल्लू उतरतो," नरसय्या म्हणाला.

मालकांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. "कवड्या टाका."

एकच उताणी पडली. सातवी पायरी उलटली आणि मल्लू गेला.

नरसय्याने कवड्या गोळा करून मालकांसमोर ठेवल्या. "साहेब, दोनच झाल्या होत्या."

"तीन झाल्या. सातव्या पायरीवर शेवाळ नाही, बाकी सगळ्यांवर आहे. सांगितलं मी."

"नाही."

"सांगितलं, नरसय्या."

मालक माझ्याकडे वळले. "पेपरवाले, वही वाचा."

मी वाचली. बेडूक होते, खडा होता, बिडी होती, चटणी होती. शेवाळ नव्हते.

त्यांनी आपल्या कागदाकडे पाहिले. प्रत्येक खूण सांगून झाली की ते तिच्यापुढे पेन्सिलीने लहान रेघ ओढत. बारवेपुढे तीन खुणा लिहिलेल्या होत्या. रेघा दोन होत्या.

नरसय्या उठला आणि चपला घालू लागला. तो रागावलेला वाटत नव्हता. "तिसरी आली नाही म्हणून पाय टाकला, साहेब," तो म्हणाला. "आली असती तर टाकला नसता."

पुढच्या रविवारी तो आला नाही. मालकांनी नेहमीसारखा बोर्ड मांडला, चार जणांच्या चटया घातल्या, कवड्या मध्ये ठेवल्या. पाच वाजेपर्यंत आम्ही तिघे बसलो. खेळ पुढे न्यायला त्यांनी नकार दिला. त्याच्या पुढच्या रविवारीही तसेच झाले. बशीरभाई म्हणाले, "अहो खेळ हाय साहेब, खराखुरा मेला का कोण?" मालक चौथ्या चटईची मुडपलेली कड सरळ करत होते.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. "चला. नरसय्याकडं जायचंय."

"कार्ड टाकलं होतं?"

"नाही."

सहा वर्षांत ते कुणाकडे न कळवता गेल्याचे मी तेवढे एकदाच पाहिले.

शेडमध्ये सोळा माग एकदम चालू होते. त्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे कळत नाही. नरसय्या शेवटच्या रांगेत होता. मालक मागांमधल्या अरुंद वाटेने त्याच्यापर्यंत गेले आणि बोलले. नरसय्याने नुसते पाहिले. ते मोठ्याने बोलले. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले. नेमक्या त्या क्षणाला लाईट गेली. सोळा माग थांबले आणि सगळ्या शेडमध्ये त्यांचा एकट्याचा आवाज उरला:

"तिसरी खूण मी दिली नाही! चूक माझी आहे!"

वीसेक माणसे त्यांच्याकडे बघत होती. कुणाला काही कळले नव्हते. एका म्हाताऱ्याने तेलुगूत काही विचारले आणि नरसय्याने त्याला हाताने थांबवले.

"ओरडायचं काय काम नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "मागावरच्या माणसाला ओठ कळतात. पहिल्यांदा बोललात तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाही?"

"तुमचं संपू दे म्हटलं."

मालक म्हणाले की ते पाऊल मागे घेता येईल. मल्लू अजून सहाव्या पायरीवर उभा आहे असे धरू. नरसय्याने थांबलेल्या मागावर हात ठेवला. "धागा तुटला की गाठ मारून पुढं विणायचं, साहेब. मागं कोण विणत नाही. मल्लू गेला. त्याला धाकटा भाऊ हाय. रविवारी तो येतो की."

परत येताना रस्त्याकडे बघत मालकांनी जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो. "हिच्या आजाराचं मला चार महिने आधी कळलं होतं. डॉक्टर म्हणाले, पेशंटला सांगू नका. सगळेच तसं म्हणाले. मी तिला पित्त आहे असं सांगत राहिलो. ती अंथरुणावर, मी बोर्ड धरून. ही गढी मी तिला दाखवायला काढली. शेवटच्या आठवड्यात तिला आपोआप कळलं. म्हणाली, एक तरी खूण द्यायची होती की. तिची बहीण अक्कलकोटला असते. दोघींचं भांडण होतं. एस.टी.नं तासाभराचा रस्ता. ती उठून जाऊ शकत होती तोपर्यंत मी पित्त म्हणत होतो."

कोपरा आला. ते पायी होते, तरी म्हणाले, "वळतोय."

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचे पोट दुखू लागले. भिलाईहून मुलगा आला, त्यांना तपासणीला घेऊन गेला, आणि निष्कर्ष एकट्याने ऐकून आला. संध्याकाळी तो जिना चढून माझ्याकडे आला. सहाव्या पायरीवर अडखळला. यकृताचे होते, पसरलेले. चार महिने, फार तर पाच.

"अण्णांना सांगायचं नाही असं ठरलंय," तो म्हणाला. "कावीळ म्हणून सांगितलंय. तुम्ही रोज त्यांच्यासमोर असता. तेवढं तोंडावर दिसू देऊ नका."

त्याचे डोळे सुजलेले होते. तो काही वाईट करत नव्हता. त्या काळी सगळे हेच करत, आणि माझ्याही घरी हेच झाले होते. मी "बरं" म्हणालो. बुधवारी तो पुढच्या रजेची व्यवस्था करायला भिलाईला गेला. मुलाला दिलेला शब्द आणि मालकांचा नियम, दोन्ही घेऊन मी रविवारपर्यंत जिना उतरत-चढत होतो. नियम सगळ्या गावात एकच माणूस पाळत होता, आणि त्याच्याच बाबतीत तो मोडला जाणार होता. ती चार महिन्यांची नोटीस माझ्या खिशात होती. शनिवारी ते मला म्हणाले, "कावीळ उतरली की अक्कलकोटला जाऊन येईन म्हणतो. घाई नाही."

रविवारी त्यांना बसवेना. ते कॉटवर आडवे होते. आम्ही चटया कॉटजवळ ओढल्या. "पेपरवाले, आज तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मी चालतो. मला एकदा आतून बघू द्या."

मी बोर्ड घेतला. नकाशाकडे मी पाहिले नाही. मी म्हणालो की ते एका लांब ओवरीत आहेत. हातातल्या कंदिलात तेल थोडे आहे, आणि तेल भरून घ्यायची जागा मागे राहिली.

"पुढं चला," ते म्हणाले.

मी म्हणालो, वाटेत काही माणसे बसली आहेत. घरचीच आहेत. ते जवळ आले की त्यांचे बोलणे थांबते.

नरसय्याने माझ्याकडे पाहिले. त्याला आणि बशीरभाईंना कुणी काही सांगितले नव्हते. मालक छताकडे बघत होते.

"पुढं?"

"दाराशी पहारेकरी आहे," मी म्हणालो. "तुमच्या ओळखीचा. तो मान वर करत नाही."

हे सांगताना माझी मान बोर्डावर होती. मी ती वर केली नाही. कॉटच्या पट्ट्या करकरल्या. ते कुशीवर वळले होते.

"पहारेकऱ्याला कुणी गप्प राहायला सांगितलंय का?"

"हो."

"कुणी ते विचारत नाही. दारापलीकडं किती वाट आहे?"

"फार नाही. हा उन्हाळा."

बशीरभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नरसय्याने कवड्या उचलून मालकांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या मुठीत धरल्या आणि तशाच परत दिल्या.

"इथं कवड्या टाकायच्या नसतात," ते म्हणाले. "शंका नाही इथं." मग म्हणाले, "तीन झाल्या. बरोबर दिल्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दहा पोस्टकार्डे आणायला सांगितली. त्यांतली पाच त्यांनी लिहिली. अक्कलकोटच्या मेहुणीला, मुलाला, नरसय्याला, बशीरभाईंना, आणि पाचवे त्यांनी मला पत्ता दिसू न देता पेटीत टाकायला दिले. मी पत्ता वाचला नाही. उरलेली पाच कुणाला पाठवावीत याचा ते दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती माझ्याकडे दिली. "तुम्हाला लागतील," ते म्हणाले. ती अजून कोरी आहेत.

मेहुणी आली. पहिल्या दिवशी दोघे फारसे बोलले नाहीत. नंतर ती महिनाभर राहिली आणि दोघे बहिणीबद्दल बोलले. मुलगा ठरल्यापेक्षा लवकर आला. अण्णांना कसे कळले हे त्याने मला विचारले नाही. पुढच्या अकरा रविवारी नरसय्या आणि बशीरभाई आले. बाराव्या रविवारी, मे महिन्याच्या शेवटी, दुपारी, आम्ही सगळे खाली त्यांच्या खोलीत असताना मालक गेले. बशीरभाई नंतर म्हणाले की साहेबांची कार्डे पहिल्यांदाच साहेबांच्या आधी पोचली.

पाचवे कार्ड मला, कार्डे पेटीत टाकली त्याच आठवड्यात, मिळाले होते. पोस्टमनने ते माझ्या हातात दिले तेव्हा मालक दाराशी खुर्चीत उशीला टेकून बघत होते. मजकूर असा होता: "नोटीस. खाली सही करणाराची मोजणी सुरू झाली आहे. तारीख वरून ठरेल. लगतचे कब्जेदार या नात्याने आपण हजर राहावे. हजर न राहिल्यास काम आपल्या गैरहजेरीत पूर्ण केले जाईल."

"मिळाली?" त्यांनी विचारले.

"मिळाली."

"मग सही द्या."

मी वही काढली, मिळाल्याचे लिहिले आणि सही करून पान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते चष्मा लावून वाचले आणि बोटाने खालची रिकामी जागा दाखवली. तारीख राहिली होती. मी ती टाकली.

"आता झाली," ते म्हणाले.